ड्रोनच्या रिलीज हुकाने औषधाचे पुडके गच्चीवर उतरवताना

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी धोक्याची पातळी ओलांडून बडोद्याच्या वस्त्यांत शिरले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या मागच्या गल्लीतले एक वृद्ध जोडपे पहिल्या मजल्यावर अडकून पडले होते. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. अलीकडच्या बाजूला औषधाचे दुकान उघडे होते आणि मधे जेमतेम साठ मीटर पाणी होते. पण विश्वामित्रीच्या पाण्यात मगरी असतात हे बडोद्यात लहान पोरालाही ठाऊक असल्यामुळे त्या पाण्यात उतरायला कोणी धजेना. अखेर बचाव पथकाची होडी आली आणि गोळ्या पोहोचल्या. माझ्या कपाटात तेव्हा एक चांगला ड्रोन होता, मात्र त्याला शंभर ग्रॅमचे पुडके कसे लावावे आणि सुखरूप कसे सोडावे हे मला माहीत नव्हते. घाईघाईने काही बांधून उडवले नाही, हे त्या वेळी योग्यच झाले. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मी आणि सोसायटीतल्या दोघांनी मिळून हे काम शिस्तीने शिकून घेतले, आणि ज्या क्रमाने शिकायला हवे होते त्या क्रमाने ते येथे मांडत आहे.

आरंभीच एक गोष्ट ठरवून टाकावी. ड्रोनखाली लावायच्या, पुडके सोडणाऱ्या हुकाच्या या जोडणीला बाजारात ड्रॉपर किंवा एअरड्रॉप म्हणतात, आणि त्या नावामुळे पुडके वरून टाकून द्यायचे असते असा समज होतो. उंचावरून वस्तू टाकणे हा या साधनाचा सर्वांत वाईट उपयोग आहे. वीस मीटरवरून सुटलेली वस्तू सुमारे दोन सेकंदांत खाली येते आणि जमिनीजवळ तिचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात असतो. दोनशे ग्रॅमचे साधे पुडकेही त्या वेगाने कोणाच्या डोक्यावर बसले तर गंभीर इजा होईल, शिवाय वाऱ्याने ते कोठे जाईल याचा भरवसा नाही. म्हणून या लेखातली सारी पद्धत एकाच नियमावर उभी आहे: पुडके दोरीने लोंबते ठेवायचे, ते गच्चीवर किंवा जमिनीवर टेकवायचे, आणि टेकल्यावरच हुक उघडायचा.

कायदा आधी, कारण बडोद्यात तो जवळजवळ प्रत्येक गच्चीला लागू होतो

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनचा वर्ग त्याच्या कमाल एकूण वजनावरून ठरतो, आणि त्या वजनात लावलेले ओझेही धरले जाते. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, आणि २ ते २५ किलो म्हणजे स्मॉल. येथे अनेकांची फसगत होते. २४९ ग्रॅमचा छोटा ड्रोन नॅनो म्हणून घेतलेला असतो, परंतु त्याला तीस ग्रॅमचा हुक लावला की तो त्या वर्गात राहत नाही आणि नॅनोला मिळणाऱ्या सवलती गळून पडतात. मायक्रो ड्रोनला त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. हौसेखातर, म्हणजे व्यावसायिक हेतूशिवाय, मायक्रो उडवणाऱ्याला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. पण पैसे घेऊन कोणाचे सामान पोहोचवले तर ते लागते. यूआयएन हा नोंदणी क्रमांक घेतलेला असावा. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी २०२२ पासून बंदी असल्यामुळे जुना ड्रोन विकत घेताना या क्रमांकाची कागदपत्रे आधी पाहावीत. ती नसतील तर सौदा करू नये.

दुसरा भाग जागेचा. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंतचा पट्टा यलो झोनच्या नियमांत येतो. त्यातल्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर, आणि त्याहून आत जमिनीपासूनच, हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. अगदी जवळचा भाग तर रेड झोन, म्हणजे प्रतिबंधित क्षेत्र, असतो. हरणीचा विमानतळ शहरालाच लागून असल्यामुळे सयाजीबाग, रावपुरा, दांडिया बाजार, कारेलीबाग, समा यांपैकी कोणतीही गच्ची आपली मोकळी जागा आहे असे गृहीत धरता येत नाही. दक्षिणेला मकरपुऱ्याचे वायुसेना स्थानक आहे आणि वायव्येला कोयलीची रिफायनरी आहे. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून नेमक्या जागेचा रंग पाहावा, आणि पोलीस आयुक्तालयाची तात्पुरती मनाई अधिसूचना लागू आहे का याचीही चौकशी करावी. आमचा सगळा सराव आम्ही शहराबाहेर, पाद्र्याच्या बाजूला एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या शेतात, त्यांची संमती घेऊन आणि नकाशावर ग्रीन झोन, म्हणजे परवानगी न लागणारा भाग, पाहून केला. हिरव्या झोनमध्येही उंचीची मर्यादा ४०० फूट आहे, पण या कामाला शंभर फूटही कधी लागत नाहीत.

शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके ड्रोनवर नेण्यास बंदी आहे आणि धोकादायक पदार्थांच्या वाहतुकीचे नियम वेगळे आहेत. माझ्या मते घरगुती ड्रोनच्या हुकाला फटाका, पेट्रोल, आम्ल, गॅसचा डबा किंवा सुटी लिथियम बॅटरी कधीही लागता कामा नये, आणि कोणी गंमत म्हणून तसे सुचवले तर त्याला त्या दिवशी मैदानावर थांबू देऊ नये.

ड्रोन किती पेलेल

बहुतेक घरगुती ड्रोनच्या निर्मात्यांनी ओझ्याची मर्यादा दिलेलीच नसते, कारण ते कॅमेरा उडवण्यासाठी बनलेले असतात. त्यामुळे एखाद्या चित्रफितीत कोणी अर्धा किलो उचलून दाखवला, एवढ्यावरून आपलाही ड्रोन तो उचलेल असे समजू नये. हवेत उचलला जाणे आणि वाऱ्यात सांभाळला जाणे यांत फार अंतर आहे. मी स्वतःसाठी अशी मर्यादा ठेवली आहे की हुक, दोरी, पुडके आणि बांधायचे पट्टे हे सगळे मिळून ड्रोनच्या स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त होऊ नयेत. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हे या छंदातले पहिले साधन आहे. अंदाजाने वजन धरू नये.

हिशेब करून पाहू. ड्रोन ९०० ग्रॅमचा, हुक आणि पट्टे ६० ग्रॅम, दोरी आणि पुडके १२० ग्रॅम. एकूण १०८० ग्रॅम, म्हणजे मूळ वजनाच्या १.२ पट. हवेत स्थिर राहायला लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, त्यामुळे वजन वीस टक्के वाढले तरी शक्ती सुमारे एकतीस टक्के जास्त लागते आणि बॅटरीचा वेळ तीन चतुर्थांशाच्या आसपास येतो. जो ड्रोन रिकामा असताना अर्धा तास टिकत होता तो आता तेवीस मिनिटे टिकेल, आणि त्यातली तीस टक्के बॅटरी परतीसाठी राखून ठेवली तर हातात सोळा मिनिटे उरतात. त्यातूनही मी एका फेरीला आठ मिनिटांवर जाऊ देत नाही.

यात आपल्याकडचा उन्हाळा मिळवावा. ४२ अंशांना हवेची घनता १५ अंशांच्या तुलनेत साधारण नऊ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे पात्यांना तेवढेच वजन पेलायला जास्त वेगाने फिरावे लागते, आणि अनेक ड्रोनची कामाची तापमानमर्यादाच ४० अंश असते. मे महिन्यात दुपारी सराव करू नये. सकाळी साडेसहा ते साडेआठ ही वेळ बडोद्यात उत्तम असते. वाराही तेव्हा पडलेला असतो.

कोणती यंत्रणा घ्यावी

पहिला प्रकार सर्व्हो मोटरने, म्हणजे ठरावीक कोनात फिरणाऱ्या छोट्या मोटरने, सरकणाऱ्या पिनेचा, ज्याला स्वतःचा छोटा रिमोट आणि स्वतःची बॅटरी असते. दुसरा प्रकार प्रकाश ओळखणारा: त्याचा संवेदक ड्रोनच्या हाताखालच्या दिव्यावर चिकटवतात आणि अॅपमधून दिवा चालू-बंद केला की पिन उघडते. यात वेगळा रिमोट लागत नाही हे खरे, परंतु बॅटरी कमी झाली किंवा काही बिघाड झाला की ड्रोनचे दिवे आपोआप लुकलुकू लागतात, आणि नेमक्या अडचणीच्या क्षणी पुडके भलत्याच जागी सुटण्याची शक्यता राहते; शिवाय कडक उन्हात संवेदक गोंधळतो. तिसरा प्रकार भाराने बंद राहणाऱ्या हुकाचा, ज्यात पुडके जमिनीला टेकून दोरी सैल झाली की हुक आपोआप मोकळा होतो. तो स्वस्त आहे आणि त्यात बिघडण्यासारखे काही नाही, पण ड्रोन झटक्याने खाली आला किंवा वाऱ्याने पुडके उसळले तर दोरी हवेतच सैल पडून हुक उघडतो.

मी पहिला प्रकार वापरतो आणि नवख्याला तोच घ्यायला सांगेन. घेताना तीन गोष्टी दुकानदाराला विचाराव्यात: यंत्रणेचे बॅटरीसह वजन किती, रिमोटचा संपर्क तुटला तर पिन बंद राहते की उघडते, आणि यंत्रणेची बॅटरी संपली तर काय होते. शेवटच्या दोन्ही प्रश्नांना ‘बंद राहते’ हेच उत्तर हवे. बाजारात सर्रास मिळणारी नऊ ग्रॅमची छोटी सर्व्हो ४.८ व्होल्टवर एक सेंटिमीटरच्या दांड्यावर साधारण १.८ किलो ओढू शकते, म्हणजे कागदावर ती शंभर ग्रॅमच्या पुडक्याला भरपूर वाटते; परंतु पिन तिरकी दाबली गेली की घर्षण इतके वाढते की तीच सर्व्हो कुरकुरत जागीच अडते. हा दोष आमच्या पहिल्या यंत्रणेत होता. टेबलावर ती शंभरदा उघडली आणि शेतात पहिल्याच फेरीला अडकली, कारण वाऱ्याने दोरी एका बाजूला ओढली गेली होती आणि टेबलावर आम्ही ती नेहमी सरळ खालीच ओढून पाहिली होती.

जोडणी

यंत्रणा ड्रोनच्या पोटाखाली गुरुत्वमध्याच्या अगदी खाली यावी. गुरुत्वमध्य शोधण्यासाठी बॅटरी बसवलेला, पाती उघडलेला ड्रोन दोन्ही बाजूंनी एकेका बोटावर तोलावा आणि जेथे तो सपाट राहतो तेथे खडूची बारीक खूण करावी. यंत्रणा बसवल्यावर आणि नंतर पुडके टांगल्यावर हाच तोल पुन्हा पाहावा. पुडके दोन-तीन सेंटिमीटर मागे टांगले गेले तरी मागच्या दोन मोटरींना सतत जास्त कष्ट पडतात आणि त्या तापतात.

पोटाखालीच खालच्या दिशेचे कॅमेरे आणि उंची मोजणारे संवेदक असतात, हे पुष्कळजण विसरतात. पट्टा किंवा यंत्रणेचा कोपरा त्यांच्यासमोर आला की ड्रोनला जमीन अगदी जवळ आली असे वाटते. मग तो खाली येण्याचे नाकारतो किंवा उतरताना उगाच वर उसळतो. बॅटरीची कडी, हवेची छिद्रे आणि कॅमेऱ्याचा गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारी चौकट) यांनाही पट्टा लागू नये. चुंबकाने चिकटणारी जोडणी मी टाळतो, कारण चुंबकामुळे होकायंत्र बिघडते. बसवल्यावर अॅपमध्ये होकायंत्राचा इशारा दिसला तर कॅलिब्रेशन करून तो दडपण्यापेक्षा यंत्रणा काढून तिचे कारण शोधावे. पट्टे घट्ट असावेत पण कवच दबू नये, आणि ड्रोन उलटा करून हलवला तर यंत्रणा एक मिलिमीटरही सरकू नये.

दोरी, पुडके आणि कच्चा दुवा

दोरी चार ते पाच मीटर लांब घ्यावी. याहून आखूड दोरीने पुडके पात्यांच्या खालच्या वाऱ्यात भिरभिरते आणि घेणाऱ्या माणसाला ड्रोनच्या फार जवळ यावे लागते. याहून लांब दोरी झोके घेते आणि केबलच्या वायरीत अडकते. एक मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी मीटरला एक ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे पाच मीटरचे वजन नगण्य आहे. रंग भडक नारिंगी किंवा पिवळा असावा. दोरीचा वरचा अर्धा मीटर भाग मी प्लास्टिकच्या बारीक कडक नळीतून ओवतो, म्हणजे दोरी सैल पडली तरी उसळून पात्यांत जात नाही. वरच्या टोकाला दोरीचा फास थेट पिनेत अडकवू नये, तो चुरगळतो आणि पिनेला धरून बसतो. त्याऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याची छोटी गुळगुळीत स्टीलची कडी बांधावी, ती पिन सरकताच निखळून पडते.

आता सगळ्यांत महत्त्वाचा भाग. दोरी आणि पुडके यांच्यामध्ये साध्या शिवणाच्या सुती दोऱ्याचा एक तुकडा बांधावा, जो ठरावीक ताणाला तुटेल. यालाच आम्ही कच्चा दुवा म्हणतो. पुडके लिंबाच्या फांदीत किंवा डिशच्या दांड्यात अडकले तर ड्रोन वर जायला धडपडतो, झुकतो आणि खाली कोसळतो; कच्चा दुवा असेल तर तो तुटतो, पुडके जाते आणि ड्रोन व खालची माणसे वाचतात. दोरा किती ताणाला तुटतो हे माशांचे किंवा भाजीचे वजन करायच्या ताणकाट्याला बांधून, किमान पाच वेळा ओढून मोजावे. पुडक्याच्या वजनाच्या तिप्पट ते चौपट ताणाला तुटणारा दोरा मला योग्य वाटतो, म्हणजे साध्या हेलकाव्याने तो तुटत नाही. मात्र तो ताण ड्रोनच्या उरलेल्या उचलशक्तीपेक्षा कमी असला पाहिजे, नाहीतर दोरा तुटायच्या आधी ड्रोनच खाली येईल. दोरा एका फेरीपुरताच वापरावा आणि पावसात भिजलेला दोरा पुन्हा वापरू नये. मांज्याचा दोरा यासाठी मुळीच घेऊ नये. त्याची धार पात्यांना आणि बोटांनाही घातक असते.

पुडके लहान, गोलसर आणि मऊ असावे. गोळ्यांच्या पाच-सहा पट्ट्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि नाव लिहिलेला कागद हे सारे झिपच्या पिशवीत घालून वर फुगेरी प्लास्टिकचा एक वेढा दिला की शंभर ग्रॅमच्या आत बसते. सपाट पातळ पाकीट वाऱ्यात पतंगासारखे फिरते, म्हणून टाळावे. काचेची बाटली नको. पुडके पाण्यात पडण्याची शक्यता असेल तर पिशवीत थोडी हवा ठेवून ती तरंगेल असे करावे, पण ते काढायला कोणीही पाण्यात जाणार नाही, हे आधीच सर्वांना बजावून ठेवावे.

पाती काढून चाचणी

येथे वेळ द्यावा, कारण येथे काही तुटत नाही. ड्रोनची पाती काढावीत, ड्रोन दोन खुर्च्यांच्या मधे आधार देऊन ठेवावा आणि खरे पुडके टांगून हुक वीस वेळा उघडावा. मग पुडक्याच्या दीडपट वजन लावून वीस वेळा. मग दोरी हाताने तीस अंश पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे ओढून प्रत्येक दिशेला दहा वेळा. एकदाही अडकली तर पिन काढून तिची कड बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी, कडी बदलावी आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू करावी. त्यानंतर हुक बंद ठेवून यंत्रणेचा रिमोट मुद्दाम बंद करावा आणि पिन जागेवर राहते ना ते पाहावे. शेवटी रिमोट घेऊन शंभर पावले दूर जाऊन उघडून पाहावे, आणि ते ड्रोनची मोटर सोडून बाकी सारी यंत्रणा चालू असताना पाहावे, म्हणजे दोन्ही रिमोटच्या लहरी एकमेकींच्या आड येतात का ते कळते.

मैदानावरचा सराव

निदान दोन माणसे लागतात. एक उडवणारा, जो पडद्याकडे आणि ड्रोनकडे पाहतो. दुसरा नजर ठेवणारा, जो फक्त पुडके, दोरी आणि आजूबाजूची माणसे पाहतो आणि मोठ्याने सांगतो. आमच्यात शब्द ठरलेले आहेत: ‘ताण’ म्हणजे दोरी ताणली गेली, ‘सुटले’ म्हणजे पुडके जमिनीवरून उचलले गेले, ‘टेकले’ म्हणजे ते खाली बसले, ‘मोकळे’ म्हणजे कडी निखळली, आणि ‘थांब’ हा शब्द कोणीही उच्चारला तर उडवणाऱ्याने रिमोटच्या काठ्या सोडून ड्रोन जागच्या जागी स्थिर करायचा.

पहिल्या फेरीला रिकामी यंत्रणा लावून तीन मीटर उंचीवर दोन मिनिटे स्थिर ठेवावे, उतरवावे आणि चारही मोटरींना हात लावून पाहावा. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागली तर तोल चुकला आहे. दुसऱ्या फेरीला पुडक्याऐवजी तेवढ्याच वजनाची वाळूची कापडी पिशवी घ्यावी. दोरी ड्रोनखाली वेटोळे करून ठेवू नये, कारण पात्यांच्या वाऱ्याने ती उडते; ड्रोनपासून एका बाजूला सरळ पसरून टोकाला पिशवी ठेवावी. टेकऑफनंतर ड्रोन हळूहळू वर आणि पिशवीच्या दिशेने न्यावा, म्हणजे तो पिशवीच्या अगदी डोक्यावर आला की दोरी ताणली जाते आणि पिशवी न घासटता उचलली जाते. सिमेंटच्या लोखंडी सळ्यांच्या स्लॅबवरून किंवा गाडीच्या टपावरून उड्डाण करू नये. होकायंत्र तेथे चुकते.

लोंबते ओझे म्हणजे लंबक. एक मीटर दोरीचा झोका दोन सेकंदांत पुरा होतो, पाच मीटर दोरीचा साडेचार सेकंदांत. ड्रोन अचानक थांबवला की पुडके पुढे जाते आणि मग मागे येऊन ड्रोनलाच खेचू लागते. नवखा माणूस ते थांबवण्यासाठी काठी उलट दिशेला दाबतो आणि झोका वाढवून बसतो. त्यासाठी सर्वांत संथ मोड निवडावा, हलवणे आणि थांबवणे दोन्ही हळू करावे, आणि झोका लागलाच तर पुडके ज्या बाजूला जात आहे त्याच बाजूला ड्रोन किंचित सरकवावा. दोन-तीन वेळा असे केले की झोका मोडतो. हे वाचून जमत नाही. आम्हाला दहाएक फेऱ्या लागल्या.

मग जमिनीवर दोन मीटर व्यासाचे चुन्याचे वर्तुळ काढून त्यात पिशवी टेकवण्याचा सराव करावा. पिशवी टेकली, दोरी किंचित सैल झाली, नजर ठेवणाऱ्याने ‘टेकले’ म्हटले, की हुक उघडायचा. ‘मोकळे’ ऐकू येईपर्यंत ड्रोन हलवायचा नाही. सलग दहा वेळा हे वर्तुळात जमल्याशिवाय गच्चीचा विचार करू नये.

हुक उघडलाच नाही तर काय करायचे, याचाही सराव मुद्दाम करावा. ड्रोन पुडक्यासह मोकळ्या जागी परत आणावा, पुडके जमिनीवर टेकवावे, मग ड्रोन खाली उतरवता उतरवता बाजूला सरकवत न्यावा म्हणजे दोरी जमिनीवर पसरत जाते, आणि दोरीपासून दूर उतरावे. उडता ड्रोन हाताने धरण्याचा किंवा लोंबती दोरी ओढण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

प्रत्यक्ष गच्चीवर

आधी डोळ्यांनी पाहणी करावी. आपल्या गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या, डिश, सौर पॅनेल, कपड्यांच्या दोऱ्या आणि इंटरनेटच्या वायरी यांचे जाळे असते, आणि ड्रोनच्या कॅमेऱ्यात पातळ वायर दिसत नाही. अडथळे ओळखणारे संवेदक ड्रोनसाठी असतात. पाच मीटर खाली लोंबणाऱ्या पुडक्याची त्यांना कल्पना नसते. म्हणून प्रत्येक उंची ठरवताना दोरीची लांबी त्यात मिळवावी, आणि घरी परतण्याची उंची वाटेतल्या सर्वांत उंच वस्तूपेक्षा किमान पंधरा मीटर जास्त ठेवावी, कारण संपर्क तुटला तर ड्रोन पुडक्यासकट त्याच उंचीवरून परत येईल. रस्त्यावरून आणि माणसांवरून मार्ग नेऊ नये. वाकडा मार्ग पडला तरी चालेल. ड्रोन सतत नजरेसमोर असावा.

घेणाऱ्याशी फोनवर बोलून चार गोष्टी सांगाव्यात: गच्चीवर एकच माणूस असेल, तो जिन्याच्या दारात उभा राहील, पुडके टेकल्यावरही दोरीला हात लावणार नाही, आणि ड्रोन निघून गेल्यावरच पुढे येईल. लहान मुलांना खाली ठेवावे. आजोबा-आजींना हे सगळे सांगताना घाई करू नये. त्यांच्याकडून परत म्हणवून घ्यावे.

वाऱ्याला मी एक साधी कसोटी लावतो: झाडांच्या बारीक फांद्या सतत हलत असतील तर त्या दिवशी ओझ्यासह उडवत नाही. घारी हा आपल्याकडचा आणखी एक खरा धोका आहे. नदीकाठी त्या खूप असतात आणि घरट्यांच्या दिवसांत ड्रोनवर झडप घालतात; घार घिरट्या घालू लागली तर शांतपणे परत यावे. आणि उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण. १४ जानेवारीच्या आसपासचे दोन आठवडे बडोद्याच्या आकाशात ड्रोनचे काहीच काम नाही, आणि त्यानंतरही महिनाभर झाडांवर आणि तारांवर लोंबणारा मांजा पात्यांत जाऊन मोटर जागच्या जागी बंद पाडतो. फेब्रुवारीत उडवताना मार्गातले प्रत्येक झाड दुर्बिणीने पाहावे.

दोरी पलीकडे न्यायची असेल तर

कधी पुडक्यापेक्षा दोरीच जास्त उपयोगी पडते. बारीक दोरी पलीकडच्या गच्चीवर पोहोचली की तिला जाड दोर बांधून ओढता येतो आणि मग टोपलीतून पाण्याच्या बाटल्या, दूध, बॅटरी असे पुष्कळ काही हातानेच सरकवता येते. पन्नास मीटर एक मिलिमीटरच्या नायलॉनचे वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे ओझे फार नाही. पण दोरीवर वारा बसतो आणि मागून ओढ लागते, त्यामुळे हे काम पुडक्यापेक्षा अवघड आहे. दोरी बादलीत सैल वेटोळ्यांनी भरावी, म्हणजे ती आपोआप सुटत जाते. बादलीजवळच्या माणसाने ती हाताला गुंडाळू नये आणि दुसऱ्या हातात कात्री ठेवावी. ड्रोनच्या टोकाला पन्नास ग्रॅमची वाळूची पिशवी आणि तिच्या वर कच्चा दुवा असावाच. वारा आडवा असेल तर हे करू नये.

पुराच्या दिवशी

सामान्य घरगुती ड्रोन पावसात उडवण्यासाठी बनलेले नसतात, त्यामुळे पाऊस थांबलेला असेल तेव्हाच विचार करावा. त्याआधी नियंत्रण कक्षाला फोन करून आपण कोठे, किती वेळ, किती उंचीवर उडवणार आहोत ते सांगावे आणि होकार मिळाल्यावरच उडवावे. बचाव हेलिकॉप्टर किंवा बचाव पथकाचे ड्रोन परिसरात असतील तर आपला ड्रोन जमिनीवर राहिला पाहिजे. आवाज ऐकू आला तरी लगेच उतरवावा. होडी येणार असेल तर तिची वाट पाहणेच श्रेयस्कर. माणसाला तातडीचे उपचार हवे असतील तर ड्रोनचा विषयच काढू नये, १०८ ला फोन करावा. औषध पाठवायचे ते त्या माणसाचे नेहमीचे, चिठ्ठीवर असलेले आणि डॉक्टरांशी फोनवर बोलून ठरवलेले असावे.

फेरी संपल्यावर पाती काढून त्यांच्या कडा बोटाने तपासाव्यात, मोटरींच्या बुडाशी दोऱ्याचा धागा गुंडाळला गेला आहे का ते पाहावे, पट्टे काढून कवचावर चरे पडलेत का ते पाहावे आणि यंत्रणेची बॅटरी वेगळी ठेवावी. माणसाला किंवा मालमत्तेला इजा झाली तर ४८ तासांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला (डीजीसीए) कळवणे बंधनकारक आहे. आमची एक शंभर पानी वही आहे; तिच्यात प्रत्येक फेरीची तारीख, तापमान, पुडक्याचे वजन, दोऱ्याचा मोजलेला ताण, लागलेली मिनिटे, उरलेली बॅटरी आणि काय अडकले हे लिहिले जाते. आजोबांच्या गोळ्यांच्या नावांचा आणि मात्रांचा कागद त्याच वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेला आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही तो त्यांना दाखवून बदल असेल तर दुरुस्त करून घेतो.